पळस्प्याच्या पुढे बंद पडलेली गाडी

विचुंबे, नवीन पनवेल
१२ ऑक्टोबर

प्रिय शशी,

गाडी नीट झाली. एवढं सांगायला पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू माझ्या गोळ्या आणि लाइटचं बिल यापलीकडे काही बोलत नाहीस आणि मीही ‘बरं’ म्हणून ठेवून देतो. गेल्या सात महिन्यांत आपण एकमेकांना जितक्या वेळा ‘बरं’ म्हटलं, तितक्या वेळा एकतीस वर्षांच्या संसारात म्हटलं नसेल. म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षर पूर्वीइतकंच वाईट आहे, लावून वाच.

तुझ्या आईंना शेवटचं भेटायला आपण पेणला निघालो आणि पळस्प्याच्या पुढे गाडी बंद पडली. पोचलो तेव्हा आई गेल्या होत्या. तेराव्यानंतर तू भावाकडेच राहिलीस, मी एकटा परत आलो आणि त्यानंतर गाडी चालवलीच नाही. रोज सकाळी खाली जाऊन दहा मिनिटं चालू ठेवायची, पुसायची आणि बंद करायची, हा नेम मात्र सोडला नाही. गाडीला रोज आंघोळ आणि बायकोला वर्षातून एकदा कर्नाळा, असं तू चिडवायचीस त्याला. तर गेल्या महिन्यात ती पार्किंगमध्येसुद्धा टिकेना. रेस दिली की चालायची, पाय काढला की दोन आचके देऊन बंद.

एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवली. टाय लावलेल्या मुलाने बॉनेटमध्ये डोकावून न बघताच सांगितलं की थ्रॉटल बॉडी नवीन टाकावी लागेल, चोवीस हजार. इंजिनात हवा किती सोडायची हे ठरवणारा तो भाग असतो, हे मला साठाव्या वर्षी कळलं. चोवीस हजार ऐकून मी पाणी प्यालो आणि निघालो. मग आपल्या मागच्या रस्त्यावरच्या आनंदाकडे गेलो. विचुंब्याचाच आहे, आगरी, बोलायला फटकळ पण हात सोन्याचा. त्याने आधी काही खोललंच नाही. हवेचा पाइप कुठे चिरलाय का ते बोटाने चाचपलं, बॅटरी मोजली, वायरीचं कनेक्शन काढून परत लावलं. “आदी फुकटचं बगायचं काका, मंग पैशाचं,” म्हणाला. मला हा माणूस एकदम पटला.

मग चार बोल्ट काढून त्याने थ्रॉटल बॉडी माझ्या हातात दिली. आतली चकती तव्याच्या खालच्या बाजूसारखी काळी झालेली. आनंदाने विचारलं, गाडी रोज किती चालवता? मी माझा सकाळचा नेम अभिमानाने सांगितला. तो हसायलाच लागला. “काका, गाडी चालवायला घेतली का आरती ओवालायला? नुसती उबी चालू ठेवता, म्हनून कार्बन धरलाय. पेट्रोलचा काय दोष नाय.” आणि मी तर सोसायटीत, तुझ्या भावाला, तुलासुद्धा सांगत आलो होतो की त्या दिवशी पेट्रोलमध्ये भेसळ होती.

काजळी सोडवणारा स्प्रे मारून, माझ्याच जुन्या बनियनने त्याने ती चकती मला पुसायला लावली, जबरदस्तीने फिरवायची नाही अशी तंबी देऊन. परत बसवल्यावर गाडी चालू करून रेसला अजिबात पाय न लावता पंधरा मिनिटं बसायचं होतं. तेवढ्यात गाडीचा कॉम्प्युटर हवेचा अंदाज नव्याने घेतो म्हणे. माझा पाय सारखा शिवशिवत होता, शेवटी मांडी घालून बसलो. सांध्यात बसवायचं नवं गॅस्केट धरून साडेसहाशेत काम झालं.

काम एका सकाळचं होतं, पण त्यानंतर मी चार दिवस गॅरेजवर गेलो. काहीतरी आवाज येतोय असं सांगायचो. आनंदा बॉनेट उघडायचा, काय नाय म्हणायचा आणि चहा सांगायचा. पाचव्या दिवशी तो म्हणाला, काका, आवाज नसला तरी येत जा. मला इतकी लाज वाटली की मग गेलोच नाही. घरी बोलायला कोणी नाही गं. खालच्या मजल्यावरची समृद्धी कधीतरी भाजी आणून देते आणि वाटी घेऊन लगेच जाते. तू होतीस तेव्हा पाच आठवड्यांत संपणारा सिलिंडर जूनपासून चाललाय. मला त्या सिलिंडरचा राग येतो.

रविवारी गाडी बाहेर काढली. पळस्प्याच्या सिग्नलला मुद्दाम पाय काढून थांबलो. इंजिन जरासुद्धा थरथरलं नाही. इतका आनंद झाला की बघ, बघ, म्हणत मी डावीकडे वळलो. सीटवर कोणी नव्हतं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले आणि मी रडत होतो. शिरढोणच्या पुढे, आपण उभे होतो तिथे, गाडी बाजूला घेतली. तिथून पेण अर्धा-पाऊण तासावर. पण तुला तोंड दाखवण्याआधी एक गोष्ट सांगायची राहिली होती, म्हणून मागे फिरलो.

त्याआधी गुरुवारी तुझ्या भावाचा फोन आला होता. तू अजून रोज म्हणतेस म्हणे, की मी आईसाठी मऊ भात करत बसले, म्हणून ती भेटली नाही. हे तुझ्या डोक्यात कोणी घातलं, ते मला माहीत आहे. गाडी बंद पडल्यावर रस्त्यात मीच ओरडलो होतो, भाताच्या नादात वेळ घालवलास म्हणून. आता खरं ऐक. त्याआधी तीन आठवडे गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला होता. खर्च नको म्हणून मी त्यावर काळी टेप चिकटवली होती. निघताना तू विचारलंस, गाडी ठीक आहे ना, नाहीतर भाड्याची बोलावू. मी म्हणालो, ठणठणीत आहे. पुढे तू एसटीला हात केलास, तर आत्ता चालू होईल म्हणत तो हातही मीच खाली ओढला. पाऊण तास आपण तिथे उभे होतो, तेव्हा कुठे गाडी पुन्हा चालू झाली. पोचलो तेव्हा आईंना जाऊन वीस मिनिटं झाली होती. तुझ्या भाताला दहा मिनिटं लागली होती, शशी. भात करूनही तू त्यांना भेटली असतीस, भरवलाही असतास. हे वाचून तू माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलंस, तरी मी तुला दोष देणार नाही. पण उशीर तू केला नव्हतास. मी केला होता.

तुझाच,
विनायक