सरपंचाने नेलेल्या चपला

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज गॅसवाल्याची. डाव्या पायाची, निळी, अंगठा शिवलेली. सिलिंडर आत ठेवून तो बाहेर आला तर उंबऱ्याशी एकच चप्पल! लंगडी घालत फाटकापर्यंत गेला. शिव्या मला दिल्या, कारण कुत्रा खाटेखाली झोपेचं सोंग घेऊन पडला होता.

कुत्र्याचं नाव सरपंच. रिनाच्या वडिलांनी ठेवलेलं — पिल्लू असताना डोंगरातल्या त्यांच्या पाड्यावरच्या प्रत्येक घरी हजेरी लावून खाऊन यायचा म्हणून. वडील पावसाळ्यात वारले. तेव्हापासून तो रिनाकडे, आणि रिना माझ्याबरोबर या खोलीत. म्हणजे आमच्याकडे. रिना होती तोवर तो दिवसभर तिच्याच मागे असायचा. आता तर फक्त माझ्याकडे. रिना सुरतेच्या एका दवाखान्यात महिनाभर काम बघायला गेली आहे.

'काही त्रास नाही गं त्याचा. दोन वेळा भाकर आणि बाहेर एक चक्कर.'

तिने हे सरळ चेहऱ्याने सांगितलं होतं.

२२ फेब्रुवारी

चार्जरची वायर चावली. माझ्या कामाच्या मीटरचे दोन प्रोब, म्हणजे टोचून बघायच्या वायरी, गायब. माझ्या गादीवर चिखलाची चार पावलं आणि मधोमध तो.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

उपाय केला. दाराबाहेर भिंतीला फळी ठोकली, माझ्या खांद्याच्या उंचीवर. येणाऱ्याने चपला तिथे ठेवायच्या. पहिला आला तो आमचा लाइनमन दोधू, सबस्टेशनच्या किल्ल्या द्यायला. मी त्याला फळी दाखवली. आम्ही आत बोलत असताना सरपंच पाण्याच्या ड्रमवर चढला, तिथून खिडकीच्या कडेवर आणि तिथून फळीवर. डावी चप्पल गेली. उजवीला धक्काही नाही.

दोधू हसून लोळायचा बाकी होता. 'मॅडम, याले खांबावर चढाले ठेवा. मन्हा पगार वाचाडा.'

दिवसभर फीडरचा, म्हणजे गावांना वीज नेणाऱ्या लाइनचा, बिघाड शोधणं हे माझं काम. कुठे सुरू होतो, कुठे संपतो, मधे काय आहे — शोधलं की सापडतं. इथे काही सापडत नाही. तो माझ्या सेफ्टी शूजना हात लावत नाही. ते रात्री काढते त्याच जागी रोज सकाळी सापडतात.

संध्याकाळी रिनाचा फोन. सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, 'अजून करतो तो ते?' तेवढ्यात तिला वॉर्डातून हाक आली. फोन बंद.

ते म्हणजे काय?

२५ फेब्रुवारी, रविवार

फार वाईट झालं.

घरमालकीण रंजनाबाईंच्या मुलीला, निशाला, बघायला शहाद्याकडचे लोक आले होते. खाली बैठक. मी सरपंचाला वर साखळीने बांधलं, दाराला बाहेरून कडी लावली, त्यावर टेबल लावलं. चहा झाला, पोहे झाले, मुलाचे वडील उठले. बाहेर आले तर त्यांची डावी चप्पल नाही. कोल्हापुरी, नवी!

वर पळत गेले. साखळी होती. पट्टा होता. पट्ट्यात कुत्रा नव्हता, आणि खिडकी उघडी होती.

सगळ्यांनी शोधलं. गोठ्यात, मिरचीच्या पोत्यांमागे, शेजारच्या गच्चीवर. शेवटी रंजनाबाईंनी शरमेने त्यांना जेवायलाच थांबवलं, दुसरं करणार काय? माणूस चिडून जेवायला बसला. आणि जेवून बाहेर आला तर चप्पल जागेवर! उजवीला टेकून नीट ठेवलेली. थोडी ओली.

पाहुणे गेल्यावर रंजनाबाई वर आल्या. ओरडल्या नाहीत. ते जास्त लागलं.

'पोरी, तुन्हावर मन्हा राग नही शे. पण होळीलगून हाऊ कुत्रा जावाले जोईजे. नही ते तू दुसरी खोली देख.'

होळीपर्यंत. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ही खोली सोडली तर रिना आली की कुठे येईल?

२६ फेब्रुवारी

तो पट्ट्यातून कसा निसटतो ते आज पाहिलं. कान मागे घेतो, मान बारीक करतो, उलटा चालतो. पट्टा एक भोक आवळला. तो तरी निसटला. अजून आवळला तर श्वास कोंडेल. पुन्हा सैल केला.

१ मार्च, शुक्रवार

पाण्याच्या टाकीमागे चपलांचा ढीग सापडला. सगळ्या डाव्या. गॅसवाल्याची नेऊन दिली, दोधूची दिली. पेपरवाल्याने घेतली नाही, त्याने नवा जोड घेतला होता. तो म्हणाला, आता दुसरी पण तुम्हीच ठेवा.

सरपंच मागे मागे सगळीकडे आला. मी चपला परत करताना असा बघत होता, जणू मीच चोर.

४ मार्च, सोमवार

रिनाला फोन केला. लागला नाही. मेसेज केला — 'कुत्र्याचं काय करायचं?' तिचं उत्तर — 'जेवला का?' म्हणजे तो. मी जेवले का ते तिने विचारलं नाही, आणि ती जेवली का ते मीही विचारलं नाही.

ती जायच्या आधीच्या रात्री बॅग भरताना तिने विचारलं होतं, 'जाऊ ना मी?' मी म्हटलं, 'संधी चांगली आहे.' तिने आणखी एकदा विचारलं. मी चेनमध्ये अडकलेला कपडा सोडवून दिला.

संधी चांगलीच आहे. मी चुकीचं काही बोलले नाही.

१० मार्च, रविवार

ठरवलं. सरपंचाला वर पाड्यावर पाठवायचं, रिनाच्या आईकडे. तिकडे जीप चालवणारा आमशा रिनाच्या गावचाच. देवमोगऱ्याची यात्रा करून परतणाऱ्यांची स्टँडवर गर्दी, टपावर माणसं. तरी तो म्हणाला, संध्याकाळी रिकामा झालो की येतो.

आला. चपला फळीवर ठेवा म्हटलं, तर म्हणाला, असू द्या. आत आला, कुत्र्याच्या मानेवर हात फिरवला, पाणी प्यायला. निघायला दाराशी गेला. डावी चप्पल नाही.

मी टाकीकडे पळणार, तर आमशाने हात केला. शोधलं नाही, काही नाही. परत आत येऊन खाली बसला, मांडी घालून.

'काय बनवलं मॅडम?'

मला कळेना. डब्यात सकाळची वांग्याची भाजी होती, भाकरी होती एक. म्हटलं, गार आहे. म्हणाला, चालंन. जेवला. ताट पुसून खाल्लं. त्याने हात धुतल्यावर आम्ही दाराशी गेलो तर सरपंच टाकीमागून येत होता, तोंडात चप्पल. उजवीशेजारी ठेवली आणि पंजांवर डोकं टेकून पडला. काम संपलेल्या माणसासारखा!

मग आमशाने सांगितलं. रिनाचे वडील, नवलसिंग, कुणाला उपाशी जाऊ देत नव्हते. खालून डोंगर चढून आलेला माणूस पाणी पिऊन उठायला लागला की ते त्याची एक चप्पल लपवायचे. जेवण झाल्यावर द्यायचे. म्हातारपणी गुडघे गेले, उठवेना, तेव्हा ते काम कुत्र्याला शिकवलं. आख्ख्या पाड्याला माहीत. तिथे कुणी चप्पल शोधत नाही, बसून घेतं.

'म्हातारा गेला, याला कोण सांगंन? हा करून राहिला त्याचं काम.'

मी विचारलं, माझे बूट का नाही नेत? आमशाला प्रश्नच कळला नाही. 'घरच्याचे कशाला नेईन तो?'

कुत्र्याला नेलं नाही त्याने. म्हणाला, रिना होळीला येईन, तिच्या हातानं न्यावं.

११ मार्च

दोधूला मुद्दाम बोलावलं. चप्पल गेली. खिचडी वाढली. चप्पल आली. निरीक्षण बरोबर.

तीन वर्षांत या खोलीत मी कुणाला जेवायला बसवलं नव्हतं. दोधूसुद्धा आधी ताटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. 'मॅडम, काही काम शे का मन्हाकडे?'

१३ मार्च

कारण कळलं म्हणून उपाय सापडला असं नाही. मीटर बघायला येणारा, कुरियरवाला, खालच्या दूधवाल्या कमलबाई — सगळ्यांना जेवायला कसं घालणार? पीठ संपलं. आज कुरियरवाला म्हणाला, ताई, मला आणखी चाळीस पाकिटं वाटायचीत हो! पोळीचा रोल हातात दिला, तो त्याने उभ्याने खाल्ला. सरपंचाला ते चालत नाही. बसावं लागतं.

रंजनाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, शहाद्याच्या लोकांचा निरोप अजून नाही. होळी ती होळी.

१५ मार्च, शुक्रवार

रिनाचा फोन. सुरतेची नोकरी पक्की झाली. राहायची खोलीही तिथेच. बावीसला येईल, सामान घेईल, सरपंचाला घेऊन होळीला घरी जाईल, तिथूनच सुरत. सरपंच आईजवळ राहील.

म्हणजे माझा प्रश्न सुटला. कुत्रा जाणार, खोली राहणार.

'मग, तुझं काय म्हणणं?' ती म्हणाली.

मी म्हटलं, अभिनंदन.

१९ मार्च

तिचं सामान खोक्यांत भरलं, नावं लिहिली. सरपंच प्रत्येक खोक्यात बसून पाहतो. मी बाहेर काढते. तो पुन्हा बसतो. शेवटी एक खोकं त्याला सोडून दिलं.

२२ मार्च, शुक्रवार

रिना आली. बारीक झाली आहे. सरपंच तिच्या अंगावरून उतरेना. तिला घाई आहे — अंधाराच्या आत घाट चढायला हवा, आमशाची जीप खाली उभी. जेवायला नको म्हणाली, आई वाट बघते. खोकी खाली गेली. ती दाराशी गेली आणि थांबली. डावी चप्पल नाही.

सगळे सरपंचाला रागावले. खालून रंजनाबाईंनी काठी आणली. रिना टाकीमागे बघून आली, म्हणाली, असं कसं, घरच्यांची तो कधीच नेत नाही! आमशाने माझ्याकडे पाहिलं, जीप बंद केली आणि वर येऊन मांडी घालून बसला. मग रिनाही बसली.

कुकर लावला आहे म्हणून हे लिहायला वेळ आहे. चप्पल माझ्या टूलबॉक्समध्ये आहे, किल्ली माझ्या खिशात. सरपंच टूलबॉक्ससमोर बसून माझ्याकडे बघतो आहे. अजून तरी भुंकलेला नाही.