दखलपात्र काही नाही

३ ऑगस्ट, सोमवार

आज दुपारी लेकीच्या घरी येऊन दाखल झाले. पाचवा मजला, तीन खोल्या, भरपूर उजेड. चौतीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला याहून अधिक काही मागण्याचा अधिकार नाही. जावई जहाजावर अभियंता, त्यामुळे पुढचे सहा महिने तो पाण्यावरच. लेक छापखान्यात देखरेखीचे काम करते. सकाळी सातला बाहेर पडते ती संध्याकाळीच घरी उगवते. म्हणून नात माझ्या हवाली.

नात नऊ वर्षांची. हनुवटीवरच्या तिळामुळे तिला सगळे ठिपकी म्हणतात. तिने दारातच माझी बॅग ओढून घेतली आणि आजी, यात पुस्तकं आणलीस की विटा, असे विचारले. मी म्हटले, वापरता येत नसतील तर दोन्हींत फरक नाही. ती खळखळून हसली. आमचे दोघींचे जमणार.

माझी खाट तिच्याच खोलीत लावली आहे. समोर उंच लाकडी कपाट. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट आहे. जागा वाया गेली आहे खरी, पण केरसुणी आत जाते.

१० ऑगस्ट, सोमवार

आठवडा उत्तम गेला. ठिपकी शहाणी आहे, म्हणजे हट्ट करत नाही, रडत नाही, एका जागी तासन्‌तास बसते. लेकीने हिच्या वयात मला इतके सुख दिले नव्हते.

आज शाळेतून आल्यावर तिने एक विनंती केली. कपाटामागे कोण आहे ते बघशील का? मी विजेरी घेऊन वाकले, तर धूळ आणि केसांची एक पिन. बाहेर येऊन निकाल दिला की तिथे कुणी नाही. तिने पुन्हा विचारले, कुणी नाही? मी ठामपणे म्हटले, कुणी नाही. शिवाय एक नियमही सांगून टाकला, की जे सिद्ध करता येत नाही त्याविषयी विधान करायचे नाही. तिने गंभीरपणे मान डोलावली. इतक्या लहान वयात नियम असा एका बैठकीत पटावा, याचे मला कौतुक वाटले.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

रोज सकाळी हिच्या पोटात दुखते. ताप नाही, उलटी नाही, आणि शाळेची वेळ टळली की दुखणेही थांबते. निष्कर्ष उघड आहे. मी तिला पाठवतेच. डबा बहुधा भरलेला परत येतो, पण पावसाळा आहे, भूक मंदावते. दुसऱ्या मजल्यावरची मैत्रीण तीनदा खेळायला बोलवायला आली आणि तीनदा परत गेली. मुलींची भांडणे चार दिवसांची असतात.

ती अधूनमधून कपाटाकडे तोंड करून पुटपुटते. कुणाशी बोलत होतीस, असे विचारले तर म्हणते, कुणी नाही. मी तिची विभक्ती सुधारली. ‘कुणाशी’ असा प्रश्न असेल तर ‘कुणाशीच नाही’ असे उत्तर द्यावे. तिने पुन्हा म्हटले, कुणी नाही. भाषेकडे दुर्लक्ष झाले आहे.

लेकीला वाटते की पोर बदलली आहे. मी विचारले, बदलली म्हणजे नेमके काय? कोणत्या बाबतीत, केव्हापासून? तिला सांगता येईना. शेवटी वैतागून म्हणाली, आई, तुझ्याशी घरात बोलायलासुद्धा वकील लावावा लागतो. आम्ही दोघी हसलो. ठिपकी हसली नाही.

३१ ऑगस्ट, सोमवार

शाळेच्या समुपदेशकबाईंनी एक तक्ता पाठवला आहे. मुलाच्या झोपेत, भुकेत, खेळात, अभ्यासात, मैत्रीत, बोलण्यात काही फरक दिसतो का? विनाकारण अंग दुखते का? आवडीच्या वस्तू देऊन टाकते का? लेकीने तो माझ्यापुढे सरकवला. दिवसभर तूच असतेस, तूच भर, म्हणाली.

मी नीट विचार करून भरला. आठही प्रश्नांखाली स्वतंत्र टीप लिहिली. पोटदुखी म्हणजे शाळा चुकवण्याची युक्ती. भूक, ऋतुमानाने. रंगपेटी तिने दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकली, ते औदार्य. यांतली एकही गोष्ट एकटी काहीच सिद्ध करत नाही. शेवटी शेरा लिहिला, ‘दखलपात्र काही नाही’, आणि सही केली.

लेकीने कागद वाचला. खरंच ना, आई, असे विचारताना तिचे खांदे एकदम सैल झाले. मी म्हटले, खरंच.

११ सप्टेंबर, शुक्रवार

ठिपकीची निबंधाची वही दप्तरातून बाहेर पडली होती. विषय होता ‘माझा मित्र’. पहिल्याच ओळीखाली गुरुजींची लाल रेघ आणि समासात शेरा, ‘नकारार्थी वाक्यरचना चुकली.’ ओळ अशी होती.

‘कुणीनाही कपाटामागे राहतो.’

मला हसू आले. मी पेन्सिलीने दुरुस्तीही केली, ‘कपाटामागे कुणी राहत नाही.’ मग पुढच्या ओळीवर गेले.

‘कुणीनाहीला मी जेवलेली आवडत नाही. कुणीनाही मला हळू आवाजात वाईट म्हणतो. त्याचं नाव मला आजीने सांगितलं.’

पेन्सिल तशीच हातात राहिली. तीन आठवडे ही मुलगी मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर देत होती. आणि मी तिची विभक्ती सुधारत होते.

१४ सप्टेंबर, सोमवार

सुटे सुटे पुरावे दुबळे आहेत म्हणून त्यांची बेरीजही दुबळीच, हा तर्कदोष मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे. एका धाग्याने माणूस बांधता येत नाही, पण दोरखंड धाग्यांचाच असतो, हे माझे ठरलेले उदाहरण. पोरे वैतागावीत इतक्या वेळा दिलेले.

आठ धागे मी एकेक करून तोडले. त्याखाली सही केली.

आज लेकीला सांगायचे ठरवले होते. ती आली, चपला काढल्या, म्हणाली, तू आहेस म्हणून मी तिकडे काम करू शकते गं. मी चहा ठेवायला उठले. सांगायचे तर तो तक्ता मागे घ्यावा लागेल. चुकले म्हणावे लागेल.

उद्या.

१६ सप्टेंबर, बुधवार

फट वीतभर होती. आज मोजली. दोन विती.

पुन्हा मोजली. दोनच.

माझ्या मानेवर काटा उभा राहिला हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते. मग फरशीवरचे ताजे ओरखडे दिसले. आंघोळीच्या वेळी ठिपकीचा उजवा खांदा पाहिला. काळानिळा. कपाट ती सरकवते, रोज थोडे थोडे, मी दुपारी वाचत बसलेली असताना. दोन भिंतींपलीकडे नव्हे. बाजूच्याच खोलीत.

का, असे विचारले. म्हणाली, मी मावत नाही ना अजून.

उद्या सांगतेच. नक्की.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितले नाही.

त्याऐवजी तिला समोर बसवले आणि युक्तिवाद केला. जे दिसत नाही, जे कुणाला ऐकू येत नाही, त्याचे अस्तित्व मानायला आधार नाही. मुद्देसूद. सौम्य आवाजात. तिने पूर्ण ऐकून घेतले. बरोबर आहे, आजी, एवढेच म्हणाली.

त्यानंतर ती बोललेलीच नाही. माझ्याशी नाही, आईशी नाही. आईला वाटते, घसा बसला आहे. मी तिथेच उभी होते. मी ते खोडून काढले नाही —

इतर सगळे खोडून काढते.

२० सप्टेंबर, रविवार

तीन विती. लेक घरात आहे, शेजारच्या खोलीत, कपडे वाळत घालते आहे. दोनदा दारापर्यंत गेले. शब्द —

पुटपुटणे आता ऐकू येते, ठिपकीचे ओठ मिटलेले असतानाही. माझे कान म्हातारे आहेत. हे एक कारण झाले. दुसरे शोधायचे नाही. कारणे पुरेत.

२१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी अकरा

ती फटीत आहे. शाळेच्या गणवेशात. आत उभी. बाहेर येत नाही.

लेकीला फोन केला. सगळे सांगितले, वहीतले, खांद्याचे, तक्त्याचे. पलीकडे यंत्रांचा आवाज. मग तिने विचारले, केव्हापासून माहीत आहे तुला? मी म्हटले, दहा दिवस. ती कामावरून निघाली आहे. एवढे म्हणाली, मी डॉक्टरांना तुला फोन करायला लावते.

डॉक्टरबाई फोनवर होत्या. ओढू नका. वाद घालू नका. तिला तुम्ही दिसाल असे बसा, तिला जे ऐकू येते ते विचारा आणि लिहून ठेवा. आम्ही येतोय. दाराची कडी काढून ठेवली आहे. फटीशी जमिनीवर बसले आहे. गुडघे —

अकरा वीस

तिचा हात बाहेर आला. माझे बोट धरले. गार. मी डाव्या हाताने धरून आहे, उजव्याने लिहिते आहे.

म्हटले, बाळा, माझं चुकलं. पुरावा नको मला. तू म्हणशील ते खरं.

रडते आहे. किती दिवसांनी आवाज —

विचारले, तो काय म्हणतो? मी लिहून घेते, एक अक्षर बदलणार नाही. ती सांगते आहे. जिन्यात पावले, लेकच असेल, अजून दोन मजले —

तो म्हणतो, आई यायच्या आत मागे सरक. तो म्हणतो, अजून जागा आहे. बोट सुटते आहे. मी घट्ट — तो म्हणतो, आजीला घाबरू नकोस, आजी कुणाला काही कळू देत नाही, आजी तर पहिल्यापासून आपल्याच