मिटलेली छत्री, उघडी छत्री

४ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आई इथे सुखरूप पोचली. तुम्ही मात्र माझ्या लग्नाला येणार नाही म्हणे, आणि कारण काय, तर वाटेत विमान बदलताना परक्या मुलखात पुरुषांचं स्वच्छतागृह कोणतं हे कळलं नाही तर! अहो बाबा, कोणालाही विचारायचं. आई म्हणते, हा माणूस विचारेल तर शपथ. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पत्ता न विचारता भलत्याच्याच लग्नात जाऊन बसला होता.

म्हणून लिफ्टदुरुस्तीच्या कामानिमित्त देशोदेशी पाहिलेल्या पाट्यांची चित्रं सोबत पाठवतेय. गृहपाठ समजा. एके ठिकाणी दारांवर कोंबडा आणि कोंबडी आहेत. दुसरीकडे कमोडमध्ये मासे पकडायला मनाई आहे. गळ टाकून बसलेल्या माणसावर लाल फुली! एका हॉटेलात तर पाटी होती, आत हसू नका, भिंतीपलीकडे लोक जेवतायत. ती वाचून मला इतकं हसू आलं की वेटरने दार वाजवलं.

नोंदणीच्या वेळी साक्षीदार म्हणून सही तुमचीच हवी. दुसऱ्या कोणाची मी घेणार नाही.

तुमची लाडकी आणि तुमच्याइतकीच हट्टी,
ठकी

१५ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

चित्रं पाहिली. तो कोंबडा ज्याने काढला त्याला कोणीतरी कोंबडा दाखवा. मासेवाला मात्र झकास, रेषेत दम आहे. पण आधी कोणीतरी खरंच मासे धरल्याशिवाय अशी पाटी लागेल का गं? या विचाराने माझं जेवणात लक्ष नाही.

जन्मभर मी पाट्या रंगवल्या. इथली निम्मी दुकानं माझ्या हातची. अशा माणसाने पाटीखाली उभं राहून हे काय आहे म्हणून विचारायचं? धंद्याची काही अब्रू आहे. तुझ्या हट्टापायी तिकीट काढलंय, पण विचारणार नाही. वाटेत पाणीच पिणार नाही.

अजून ताठ मानेचा,
बाबा

२ एप्रिल, विमानतळावरून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आणणाऱ्या बाईंना आधी चहा दे. मी त्यांचा गुन्हेगार आहे.

पाणी प्यायलो नाही, पण विमानात सरबत फुकट होतं. उतरलो तर समोर दोन दारं. एकावर मिटलेली छत्री, दुसऱ्यावर उघडी. रंगकाम सुरेख, अर्थ शून्य! आतून कोणी बाहेर येईल म्हणून हात मागे बांधून उभा राहिलो, तर माझ्यामागे रांग लागली. लोकांना वाटलं, मी इथला साहेब. या बाईंनी खुणेने मलाच विचारलं. ठाऊक नाही म्हणायला जीभ रेटेना. ऐटीत उघडी छत्री दाखवली. त्या आत गेल्या, पुरुषांचा एकच गलका झाला, त्या किंचाळत बाहेर आल्या आणि माझं दार कोणतं ते मला कळलं. मी बाहेर आलो तर पोलीस हजर. बाई माझ्याकडे बोट दाखवून हसत होत्या, म्हणून सुटलो. विमान मात्र गेलं.

तेव्हा विचारलं, आता पुढचं विमान कधी ते. हातवारे करून, चित्रं काढून, त्या पोलिसालाच. मला उद्या संध्याकाळचं विमान मिळालं. बाईंचं आजच आहे, तुझ्याच शहराचं, पण त्यात माझ्यासाठी जागा नव्हती. फोनवर हे सांगायची लाज वाटली, म्हणून त्यांच्या हाती चिठ्ठी.

एकदा तोंड उघडलं, आता राहवत नाही. नोंदणी उद्या सकाळी ना? बापासाठी एक दिवस थांबशील? आणि इतकी वर्षं तू दूर राहतेस, मी कधीच विचारलं नाही. सुखात आहेस ना, पोरी?

उत्तराची वाट पाहणारा,
बाबा