छपरावरची तार

प्रिय मॉनिटर,

मास्तरांची छडी टेबलावर कवितेचा ठेका धरायची, टक्‌ टक्‌ टटक्‌, तो आवाज आज दुपारी उगाच कानात घुमला. आपण दोघं एका बाकावर. तू एकही मात्रा न चुकवता म्हणायचास, मी भान हरपून भलत्याच कडव्यात शिरायचो. मग तू उभा राहून माझं नाव सांगायचास. कविता कशी होती हे तुला कधी आठवायचं नाही, कोण चुकलं ते मात्र पक्कं.

पुढे तू टेलिफोन खात्यात साहेब झालास, मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. फोनसाठी अर्ज केला तेव्हा आमच्या हिचा दमा नुकताच सुरू झाला होता. खात्याच्या यादीत आमचा नंबर इतका मागे, की तूच हसून म्हणालास, "नातवाच्या लग्नापर्यंत मिळेल बघ!" म्हणून मी छपरांवरून तार ओढली, घर ते दुकान, दोन्ही टोकांना भंगारातले फोन. कोणाचं काय गेलं होतं? शेजारचा शिंपी म्हणाला, मलाही ओढून द्या, पैसे घ्या. डॉक्टरही तयार होते. सरकारकडे दमडी न मागता अख्खी गल्ली बोलायला लागली असती. दुपारी ही फोन करायची आणि मला कविता म्हणायला लावायची. धाप ओसरेपर्यंत ऐकत राहायची.

तू शिडी लावून स्वतः चढलास. पक्कड तुझ्याच हातात, तार तूच तोडलीस. "दोस्ती दोस्तीच्या जागी. तार ओढायचा हक्क सरकारचा. उद्या कोणीही उठून तारा ओढेल." अरे, ओढू दे ना! तेच तर हवं होतं.

त्याच आठवड्यात ही गेली. मुका रिसीव्हर हिच्या हातात तसाच होता. मी दुकानात गिऱ्हाइकाचा रेडिओ लावून गाणं ऐकत बसलो होतो. मयतीला तू आलास, अगदी वेळेवर.

मग खात्याची मक्तेदारी गेली, कंपन्या आल्या, तुझी यादी रद्दीत गेली. भाजीवालीच्या कमरेला फोन आला. त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून रस्त्याने मोठमोठ्याने कविता म्हणत फिरलो.

आता खाणीपलीकडच्या तुमच्या वस्तीत चार म्हातारी घरं उरली. कंपनीला टॉवर परवडेना, तिने तो बंद केला. तुझा निरोप आला: छातीत दुखतं, फोन लागत नाही, सरकारने कंपनीवर सक्ती करावी, आणि ग्राहक संघाचा अध्यक्ष म्हणून मी सही केली तरच सुनावणी होईल. सक्ती! तोट्यातला टॉवर चालवायला लावायचा आणि खर्च त्या भाजीवालीच्या माथी मारायचा? सक्तीचा वास आला की दुसरी कंपनी इकडे फिरकणारही नाही. फोन हवा तर वस्ती सोड, नाहीतर पदरचे पैसे घालून टॉवर उभार. आता तुला कोणी पक्कड घेऊन अडवणार नाही. तुझ्या जिवाला बाजारात गिऱ्हाईक नाही, एवढंच.

मी सही करणार नाही. हे तोंडी निरोपानेही कळवता आलं असतं. पण आपण हाक मारावी आणि पलीकडे कुणीच नसावं, हे तुला सावकाश, ओळीओळीने समजावं म्हणून एवढं लिहिलं.

खिडकीतून फाटक दिसतंय. कोणीतरी ते ढकलून आत धावत येतंय. तुझी बायको. वहिनी माझ्या दारात, इतक्या वर्षांनी! अनवाणी आल्यात, दार बडवतायत. "भावजी, हे पडलेत हो! अँब्युलन्सला फोन लावा!" उठतोच आहे मॉनिटर. एवढी ओळ पुरी करतो.

तुझाच,
बाकावरचा सोबती