बेंबी सरकली नव्हती

रोहा,
दि. ९ जून २०२५

सौ. वृंदा गोपाळकृष्ण आठल्ये हिस,

गेलेल्या माणसाच्या नावाआधी काय लिहावयाचे ते मला ठाऊक आहे. ते लिहिण्याची माझी तयारी नाही. दहा महिने मी गप्प राहिलो. यापुढे राहवणार नाही.

काल पेणला तुझ्या भावाकडे गेलो होतो. कारखान्यात गणपतींच्या रांगा लागल्या आहेत. डोळे रेखायला तुझ्या जागी त्याची लेक मनस्वी बसते. तुझा पोटाचा पट्टा खुंटीवर नव्हता. तो दिनानाथच्या कमरेला होता. तीन फुटी मूर्ती उचलताना त्याने जांघेवर हात दाबला. मी विचारले, तर म्हणाला की काय नाय भावोजी, गाठ हाय, निजलो की आत जाते.

तुझीही आत जात असे. आपल्या लेकीच्या, अंतराच्या जन्मावेळच्या टाक्यांपाशी पोटाची भिंत विरली होती आणि आतडे तेथून बाहेर डोकावत होते. यास हर्निया म्हणतात, वेळेवर शस्त्रक्रिया करून जाळी बसवली की ती भिंत पक्की होते, हे मला तू गेल्यावर डॉक्टरांकडून समजले. तू मात्र दिनानाथला गणपती होऊन जाऊ देत म्हणालीस. त्या सकाळी माहेरी गाठ दगडासारखी झाली, आत जाईना, उलट्या थांबेनात. तेव्हा तुम्ही बहीणभावांनी बोलावले कोणाला, तर बेंबी बसवणाऱ्या बायजाबाईला. बेंबी सरकली असे सांगून तिने पोट चोळले, बेंबीवर कणकेचा दिवा पेटवून वर पेला पालथा घातला. त्यात सहा तास गेले. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तोवर तुटला होता.

मला तू एका शब्दाने सांगितले नाहीस. आज दिनानाथला खरमरीत पत्र पाठवले आहे. लोभ आहेच, संताप त्याहून अधिक आहे.

गोपाळकृष्ण

*

पेण,
१४ जून २०२५

ती. भावोजींस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. सख्ख्या मेहुण्याला पोचपावतीचे रजिस्टर पाठवणारे रायगड जिल्ह्यात तुम्ही एकटेच. पोस्टमन मोरू विचारत होता, कोर्टाची नोटीस हाय काय. मी म्हटले, व्हय, तशीच समज.

मला अडाणी म्हणालात, ते मान्य. ताईला मीच आधी दवाखान्यात न्यायला हवे होते. ते सहा तास रोज माझ्यासमोर येतात, त्यासाठी रजिस्टर लागत नाही. पण तुम्ही लिहिता की ताईने तुम्हाला काहीच सांगितले नाही. भावोजी, तिने सांगितले होते. ती जाण्याआधीच्या दिवाळीत जेवताना म्हणाली होती, पोटात काहीतरी वर येते. तुम्ही म्हणालात, वात असेल, ओवा खा. मी पानावर होतो. ताई हसली आणि नंतर मला म्हणाली, यांना आता काही सांगायचे नाय.

माझे म्हणाल, तर गाठ हाय, पण ऑपरेशन करून मी पडलो तर कारखाना कोण बघणार? अडीचशे मूर्ती ओल्या आहेत. महिपती रंगात तरबेज, पण त्याच्या हाती किल्ल्या दिल्या तर तो दुपारी कुलूप लावून कोलाडला मासे खायला जाईल. गणपती झाले की बघू.

राग धरू नये, माया पातळ होऊ देऊ नये.

तुमचा
दिनानाथ

*

रोहा,
दि. १७ जून २०२५

चि. दिनानाथ यास अनेक आशीर्वाद,

ओव्याची गोष्ट खरी आहे. पत्र वाचल्यावर ते पान, ती पंगत, सर्व आठवले. एकतीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. दरवर्षी फळ्यावर आतड्याची आकृती काढली, आणि माझ्या पंक्तीला बसलेल्या बाईला ओवा सुचवला. यापुढे तुला अडाणी म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

रागावण्याचा उरला आहे. गणपती झाले की, हेच शब्द तिचेही होते. तिचा पोटावरचा पट्टा तू जांघेच्या गाठीसाठी बांधतोस; पट्ट्याने भिंतीचे भोक बुजत नाही. शस्त्रक्रियेसाठी सोमवारची वेळ मी ठरवली आहे. डॉक्टर म्हणाले की बहुधा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील, मात्र जड उचलण्यास सहा आठवडे सक्त मनाई. त्याआधी गाठ घट्ट झाली, दुखू लागली किंवा उलटी झाली, तर सोमवारची वाट न पाहता तत्क्षणी रुग्णालय गाठ. चोळू नये, चोळू देऊ नये.

कारखान्यात मी बसेन. मला रेखणी येत नाही; हजेरी घेता येते. महिपतीला तसे कळव.

तुझा शुभचिंतक
गोपाळकृष्ण

*

पेण,
दि. ४ ऑगस्ट २०२५

सौ. वृंदा हिस,

दिनानाथची शस्त्रक्रिया झाली, जाळी बसली. सहा आठवडे तुझ्या माहेरच्या कारखान्यात मी खुर्ची टाकून बसलो. महिपती मला हेडमास्तर म्हणू लागला आणि कोलाडला गेला नाही.

बायजाबाई एके दुपारी दारात येऊन बसली. तिला सुनावण्यासाठी मनात दोन परिच्छेद तयार होते. ते सांगण्याऐवजी मी खडू घेतला, भिंतीवर पोट काढले, आतडे कोठून निसटते आणि कोठे आवळले जाते ते दाखवले. तिने आवळलेल्या जागेवर बोट ठेवून पाहिले. अशी घट्ट गाठ दिसली तर आता हात लावणार नाय, असे म्हणाली. मग तिने विचारले, मास्तर, ह्ये चित्र वृंदाला कधी दाखवलं व्हतं काय.

मी म्हणालो, नाही.

आज दिनानाथ स्वतः चालत आला. मूर्ती उचलू लागला, ती मी उचलू दिली नाही. चित्र पुसू नये, असे मनस्वीला सांगितले आहे. तुझा पट्टा मी सोबत नेत आहे. तुझ्यावरचा राग येथेच ठेवतो. उरलेला माझ्यावरचा आहे.

सायंकाळी सहा वाजता कारखान्याला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या दिनानाथकडे परत केल्या.

गोपाळकृष्ण