एकशे अठ्ठावीस अंश

६ जानेवारी
सोयगावहून एसटीनं आले. पेढ्यांचा डबा अख्खा पोचला हेच नवल! नवी नोकरी, नवी प्रयोगशाळा. इथं केळ्यासारख्या वाकड्या रेणूंचा द्रवस्फटिक, म्हणजे लिक्विड क्रिस्टल आहे. दोन तबकड्यांमध्ये थेंब ठेवून वरची फिरवायची. तो मधासारखा किती वाहतो आणि रबरासारखा किती मागं येतो, ते मला मोजायचंय. पदार्थ इथल्याच संशोधक रुक्सारनं बनवलेला. ती गेल्या वर्षी न्यूमोनियानं गेली. तिचे वडील इलियासचाचा इथंच मदतनीस आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला बेटा म्हटलं आणि चार पेढे संपवले.

८ जानेवारी
इथला नियम असा, की मोजण्याआधी नमुना एकशे अठ्ठावीस अंशांपर्यंत तापवायचा. तो पाण्यासारखा नितळ होतो, आधीचे सगळे ताण विसरतो. आज बाटलीतला शेवटचा थेंब तबकडीवर घेतला आणि गप्पांच्या नादात मी वेंधळी तापवायलाच विसरले. मोटार बंद होती, तरी वरची तबकडी हलत होती. दोन छोटे हेलकावे, मग एक लांब. यंत्राच्या पडद्यावर त्या हेलकाव्यांची रेघ उमटत होती; ती पाहून चाचा यंत्राजवळ आले. दवाखान्यात रुक्सारचा श्वास असाच चालायचा म्हणाले.

"बेटा, तापवू नको. एवढंच ऱ्हायलंय तिचं."

मला रडू आवरेना. नाही तापवला.

११ जानेवारी
चाचा जेवणाचा डबा यंत्राशेजारीच उघडतात, तिच्याशी बोलतात. मला भीती वाटते. रेघ रोज जास्त तुटतेय. त्यांना अजून सांगितलं नाही.

१३ जानेवारी
आता तबकडीतून आवाजही येतोय. हा श्वास नाही, घरघर आहे. संपतच नाही. तिचा शेवटचा दिवस, पुन्हा पुन्हा— चाचांनी कान झाकून घेतले. मग स्वतःच म्हणाले, "लई तरास व्हतोय तिला. तापव, बेटा."

तापवला. एकशे अठ्ठावीसला रेघ सरळ झाली.

मी त्यांचा हात धरला. रुक्सार सुटली, एवढंच म्हणता आलं. त्यांनी शांतपणे हात सोडवला. विचारलं, कोण रुक्सार?

१४ जानेवारी
त्यांच्या घरी जाऊन आले. जमिलाचाची, त्यांची बायको— म्हणाल्या, आम्हाला मूलबाळच नाय. कपाटातले पोरीचे ड्रेस कुणाचे म्हणून शेजारी विचारत हिंडत होत्या—

थेंबाबरोबर तेही तिला विसरले. मीच तापवलं. मीच. निदान मी तरी रोज तिचं नाव—

१५ जानेवारी
मागची पानं माझ्याच अक्षरात. कुणा रुक्सारबद्दल— वाचताना का रडतेय मी— ही कोण—