तुमच्या नावाला हो

सुगंधाचे बाबा,

त्या दिवशी सकाळी मी चुलीतली राख काढली, हातपंपावरून दोन गुंड भरून पाणी आणलं, सुगंधाच्या डोक्याला तेल लावून तिला शेजारच्या म्हातारीकडे सोडलं आणि भाकरी थापायला बसले. थापताना बांगड्यासुद्धा वाजू दिल्या नाहीत. आवाज झाला असता तर मी बोलले असं तुम्हाला वाटलं असतं. माझा उजवा गाल तेव्हा सुजलेला होता आणि तुम्ही उंबऱ्यात बसून दोराने सोलवटलेल्या तळहातांना हळदतेल लावत होतात. तुम्हाला वाटलं, गाणं म्हटलं की आदल्या रात्रीचं भांडण मिटेल.

"कौसल्ये बाई, दोर धर," असं तुम्ही म्हटलंत. कामावरच्या गाण्याचीच चाल, फक्त गड्यांच्या जागी माझं नाव. मग थांबलात. तीनदा म्हटलंत, तीनदा थांबलात. मी हो म्हटलं नाही. तव्यावरची भाकरी उलटली, तुमच्या डब्यात मिरचीचा ठेचा घातला आणि डबा तुमच्या समोर ठेवला. हातात दिला नाही.

आठ वर्षांनी हे आज का लिहून राहिली, असं विचाराल. एक तर तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. सुगंधा शाळेत जायला लागली, तिच्या पाटीवरून अक्षरं उचलली, पुडीचे कागद वाचले, मग तिची पुस्तकं वाचली. आता मी शाळेत झाडलोट करते आणि सुट्टीत तिथल्या कपाटातलं एखादं पुस्तक घरी आणते. आणि दुसरं कारण, परवा कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरच्या बाजारामागे पाण्याची लोखंडी टाकी चढवायचं काम चाललं होतं. मी भाजी घेत होते आणि तुमचं गाणं ऐकू आलं.

वांगी तिथंच ठेवून मी गेले.

आता आपल्या चाळीत एकाकडे रेडिओ आहे. चांगली गाणी लागतात, बायका दारात बसून ऐकतात. मीही ऐकते. पण आठ दिवसांत माझा कान विटतो. तुमच्या गाण्याला कधीच का विटला नाही? चार तर ओळी होत्या.

"रामाधीन भाऊ, दोर धर." "हो."

"गुंडय्या भाऊ, पाय रोव." "हो."

असं एकेकाचं नाव घ्यायचं, बावीस गडी असतील तर बावीस नावं. शेवटचा हो आला की, "डोंगर आला दारात रे, सरकव त्याले सूतभर रे," आणि मग हैस्सा. त्या हैस्सावर दोन्ही दोर एकदम ताणायचे आणि लोखंड हलायचं. मी रेजा, डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन वर बांधावर चढायची. माझी पावलं तुमच्या नावांवर पडायची. मला त्या गाण्यातला जोर नाही आवडायचा. नाव घेतल्यावर हो येईपर्यंत तुम्ही जे थांबायचे ना, ते आवडायचं. मान वळवून त्या माणसाकडे बघायचे. त्याचा पाय नीट रोवलाय का, दोर मुठीत आहे का, काल ताप होता तो आज उतरलाय का. एखाद्याचा हो बारीक आला तर पुन्हा नाव घ्यायचे. "अरे, जेवून नाही आला का? बायकोनं काढलं का घरातून?" सगळे हसायचे आणि त्याचा दुसरा हो मोठा यायचा.

सगळ्यांची नावं घेतलीत तुम्ही. तुमचं नाव घेणारं त्या गाण्यात कोणीच नव्हतं. मागे लोखंड, पुढे गडी, तोंड गड्यांकडे. असे तुम्ही उभे राहायचे. तुमचे पाय नीट आहेत का, हे कोण बघणार होतं?

मग ठेकेदाराने तो नवीन मुकादम आणला, गळ्यात शिट्टी घातलेला. त्याला नावांत वेळ जातो असं वाटायचं. शिट्टी वाजली की ओढा, एवढंच. पहिल्या दिवशी तुम्ही त्याला समजावलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही नावं घेत होतात आणि त्याने दोराचं गाठ मारलेलं टोक तुमच्या तोंडावर हाणलं. मी बांधावरून बघितलं. वरचा ओठ मधोमध फाटला. तुम्ही ओठ बोटांनी दाबला, पायाजवळ थुंकलात, आणि जिथं गाणं तुटलं होतं त्याच नावापासून पुन्हा सुरू केलंत. हैस्सा म्हणताना रक्त उडून रामाधीनभाऊच्या सदऱ्यावर पडलं. त्या दिवशी लोखंड जितकं सरकलं तितकं कधी सरकलं नव्हतं. मुकादम बघत राहिला. मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं तुम्ही त्याचा गळा धरावा.

पण ओठाला टाका घालून तुम्ही घरी आलात, तुमचं सुजलेलं तोंड बघितलं आणि माझी हिंमत गेली. मी म्हटलं, "शिट्टीवर ओढा ना. तुमचं काय जाते? नावं घेऊन काय पूजा करून राहिले का?"

तुम्ही ताट भिरकावलंत. वरण भिंतीवरून ओघळलं. मग मला मारलंत. सुगंधा दारामागे उभी होती.

"तुले काय समजते?" तुम्ही म्हणालात. "हो म्हन्ल्याबिगर दोर ओढला त मानूस मरते."

तुमचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून मारायचं का? ज्या हाताने तुम्ही बावीस जणांचा जीव सांभाळत होतात, तोच हात माझ्यावर उचलायचा? आठ वर्षं मी हे तुम्हाला विचारून राहिली. तुम्ही मेलात म्हणून तो गाल दुखायचा थांबला नाही. आणि तो दुखत होता म्हणून सकाळी मी हो म्हटलं नाही. त्या सकाळचं एवढंच आहे. माझा राग खरा होता. पण तुम्ही नाव घेऊन थांबला होतात, आणि तुमच्या गाण्यात उत्तर आल्याशिवाय पुढं जायचं नसतं, हे मलाही माहीत होतं.

त्या दिवशी लोखंडाचा लांब खांब होता, कारखान्याच्या शेडचा. खाली लाकडाचे ओंडके घालून तो चढावर ओढायचा होता. मी सातवी खेप घेऊन बांधावर पोचले होते. तुम्ही नावं घेत होतात. डाव्या दोराच्या सगळ्यांनी हो म्हटलं होतं. उजव्या दोराची अर्धी नावं राहिली होती, गुंडय्याभाऊ अजून तळहाताला माती लावत होता. आणि मुकादमाने शिट्टी फुंकली.

डावा दोर ताणला गेला. उजवा जमिनीवरच पडला होता. खांबाचं तोंड फिरलं. एक ओंडका फटकन सुटला आणि खांब हळूहळू तुमच्या पाठीकडे वळायला लागला. तुम्ही गड्यांकडे तोंड करून हात वर केले होते, थांबा, थांबा म्हणत. मागे काय चाललंय ते तुम्हाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. सगळ्या जागेवर ते मला एकटीलाच नीट दिसत होतं, कारण मी उंचावर होते.

मी ओरडले, "अहो!"

तिथं कितीतरी बायका, कितीतरी नवरे. दिवसभर कोणी ना कोणी अहो म्हणतच होतं. खालून दगड फोडायचा आवाज, गडी ओरडत होते. मी पुन्हा ओरडले, "अहो, सुगंधाचे बाबा!" तुम्ही वळला नाहीत. तुमचा कान नावाला वळायचा. जन्मभर तुम्ही नावं घेतली, नाव ऐकलं असतं तर मान आपोआप फिरली असती. वेळ होता. डोक्यावरचं घमेलं निसटून खाली पडेपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढा होता. माझ्या तोंडात तुमचं नाव आलं होतं. दातांपर्यंत आलं. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा एकदा घेतलेलं, त्यानंतर कधी नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होते, माझ्या आईने सांगितलं होतं.

मी ते गिळलं.

खांब तुमच्या कमरेवर आला. मग छातीवर चढला. आवाज मी लिहीत नाही. मी खाली पोचले तेव्हा तुमचे डोळे उघडे होते आणि फाटलेल्या ओठाचा टाका सुटला होता. एवढ्या रक्तात मला तो टाकाच दिसला.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवते. गुंडय्याभाऊने मुकादमाला खाली पाडलं. गड्यांनी त्याच दोराने त्याला मारलं. माझ्या हातात पावड्याचा दांडा कुठून आला माहीत नाही. मी त्याच्या तोंडावर मारलं, जिथं त्याने तुम्हाला मारलं होतं तिथंच. त्याचे दोन दात मातीत पडले. मला थांबायचं नव्हतं. त्याच्या गळ्यातली शिट्टी धरून मी पिळत होते आणि तो निळा पडत होता. मला बरं वाटत होतं. रामाधीनभाऊने मागून माझे दोन्ही हात धरले.

"छोड़ दे बहिनी, मर जाही."

"मरू दे," मी म्हटलं.

त्याने सोडलं नाही. मुकादमाला गाडीत घालून नेलं, त्यानंतर तो कुठं गेला कळलं नाही. ठेकेदाराचा साहेब आला. त्याने गड्यांना विचारलं, मला विचारलं, आणि कागदावर लिहिलं की माणूस कामाकडे लक्ष न देता गाणं म्हणत होता. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, रामाधीनभाऊने वाचून घेतलं आणि सांगितलं. त्याखाली आणखी लिहिलं होतं की उद्यापासून गाणं बंद, सगळं शिट्टीवर. त्याच संध्याकाळी शिवनाथ नदीच्या काठी आम्ही तुम्हाला जाळलं.

लोक म्हणतात, शिट्टीने मारलं. साहेब म्हणाला, गाण्याने मारलं. आणि मी? आईचं ऐकून तुमचं आयुष्य राखायला मी तुमचं नाव गिळलं. याला काय म्हणायचं, ते तुम्ही सांगू शकला असतात. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणाला असतात, "कौसल्ये, पाय रोव." का पुन्हा हात उचलला असतात? तेही मला माहीत नाही. दोन्ही तुम्हीच होतात.

आता परवाचं सांगते. टाकीला दोन दोर बांधले होते, पंचवीसेक गडी. गाणं म्हणणारा चाळिशीचा, मोठ्या मिशांचा, गोंदियाकडचा माणूस. मी गर्दीत मागे उभी राहिले. त्याने पहिलं नाव घेतलं, "सुखदेव भाऊ, दोर धर." आणि सगळ्या गड्यांनी एकदम हो म्हटलं. मग त्याने एकेकाची नावं घेतली, एकेकाने हो म्हटलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. टाकी पाच वेळा ओढली, पाचही वेळा ऐकलं.

पाणी प्यायला थांबले तेव्हा मी त्याला विचारलं, "तुमच्यात सुखदेव कोन आहे?"

"कोनीच नाही, मावशे."

"मंग त्याचं नाव कावून घेता?"

त्याने ग्लास खाली ठेवला. त्याला कधी कोणी हे विचारलं नसावं. "पयलं नाव तेच राहते," तो म्हणाला. "आमी शिकलो तवापासून असंच आहे. त्या नावाले सगळ्यायनं हो म्हन्ल्याबिगर कोनी दोराले हात लावत नाही. मुकादम बोंबलला तरी नाही लावत."

मी बाजारात परत आले, वांगी घेतली, घरी आले आणि सुगंधाची वही मागितली. त्याला जे माहीत नाही, ते तुम्हालाही माहीत नाही, हे माझ्या लक्षात आलं.

एक वचन देते. या पत्राच्या वरती मी तुम्हाला सुगंधाचे बाबा म्हटलं, ती शेवटची वेळ. यापुढं तुमचं नाव गिळणार नाही. सुगंधा विचारते, बाबा कसे होते? तिला गाणं शिकवीन आणि फाटका ओठ सांगीन, तसंच भिंतीवरचं वरणही सांगीन. ती दारामागे होती, तिला आठवत असेल. आणि तिचं लग्न होईल तेव्हा सांगीन, नवऱ्याचं नाव मोठ्याने घे. त्याला हाक मारायला, आणि वेळ आली तर त्याला थांबवायलाही.

आता ते दुसऱ्या दिवसाचं. सुखदेव, तुम्हाला जाळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी राख काढली, पाणी आणलं, सुगंधाला म्हातारीकडे सोडलं आणि कामावर गेले. बायका म्हणाल्या, आजच कशी आली ही? आता दुसराच मुकादम शिट्टी घेऊन उभा होता. दोर जमिनीवर पडले होते आणि कोणी उचलत नव्हतं. मी घमेलं खाली ठेवलं, खांबाच्या पुढे तुमच्या जागेवर जाऊन उभी राहिले, तोंड गड्यांकडे केलं आणि पहिलं नाव तुमचं घेतलं. ते सगळे हो म्हणाले. मीही म्हटलं.

तुमची
कौसल्या